वाचकांचे प्रश्न : निकाल मान्य नसलेले लोक

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. फिलिपिन्समध्ये १९८६ साली लोकांनी मार्कोस यांची सत्ता उलथवली, हे उदाहरण जनआंदोलनाचा आदर्श म्हणून वारंवार दिले जाते. माझी शंका अशी की, निवडणूक हरलेला प्रत्येक पक्ष घोटाळ्याची ओरड करतोच. मग जमाव जमवून निकाल फिरवणे याला लोकशाही म्हणायचे की झुंडशाही? शिवाय मार्कोस गेले ते सैन्य फुटल्यामुळे. असे असताना सविनय कायदेभंगाला एवढे श्रेय का द्यावे? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या शंकेचा पहिला भाग अगदी रास्त आहे. नुसती गर्दी काहीच सिद्ध करीत नाही. लाख माणसे जमली म्हणून मतमोजणी चुकीची ठरत नाही. म्हणूनच मनिलाच्या रस्त्यावर माणसे उतरली त्या आधीच्या दोन आठवड्यांकडे लक्ष द्यायला हवे.

मतदान ७ फेब्रुवारी १९८६ रोजी झाले. वीस वर्षे सत्तेवर असलेले आणि १९७२ ते १९८१ लष्करी कायद्याने देश चालवलेले फर्डिनांड मार्कोस एका बाजूला, तर १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर गोळी घालून मारले गेलेले विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांच्या पत्नी कोराझोन दुसऱ्या बाजूला. मोजणी सरकारी निवडणूक आयोग करीत होता. पण ‘नामफ्रेल’ या नागरिकांच्या संघटनेला मतदान केंद्रावरच्या निकालपत्रकाची प्रत मिळत असे आणि तिचे हजारो स्वयंसेवक त्या प्रतींवरून स्वतंत्र बेरीज करीत होते. काही ठिकाणी ख्रिस्ती धर्मगुरू आणि जोगिणी (नन) मतपेट्यांवर पहारा देत होत्या. या बेरजेत अक्विनो पुढे होत्या, तर आयोगाच्या बेरजेत मार्कोस.

कोणाची बेरीज खरी, याबद्दलचा संशय ९ फेब्रुवारीच्या रात्री जगासमोर उघडा पडला. आयोगाच्या मोजणी केंद्रातील सुमारे ३० संगणक कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की, आपल्या यंत्रात येणारे आकडे आणि सभागृहातल्या फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्या जागेवरून उठल्या आणि परदेशी पत्रकारांच्या देखत, काही रडत, दारातून बाहेर पडल्या व बाक्लारानच्या चर्चमध्ये आश्रयाला गेल्या. नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट काही होईल, हे त्यांना पुरते कळत होते. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच प्रसंग, कारण तेथे घोषणा नव्हती, नेता नव्हता; खोटा आकडा आपल्या हातून जाऊ द्यायचा नाही एवढेच होते. त्याच आठवड्यात कॅथॉलिक बिशपांनीही फसवणुकीने मिळवलेल्या सत्तेला नैतिक आधार नसतो, असे जाहीर पत्रक काढले. तरीही १५ फेब्रुवारीला संसदेने मार्कोस यांना सुमारे १ कोटी ८ लाख आणि अक्विनो यांना सुमारे ९३ लाख मते पडल्याचे सांगून मार्कोस यांना विजयी घोषित केले.

तेव्हा ‘प्रत्येक हरणारा असेच म्हणतो’ हे खरे असले, तरी प्रत्येकापाशी केंद्रनिहाय पत्रके आणि आतून बाहेर आलेले साक्षीदार नसतात. पुरावा आधी हातात असणे हाच झुंडशाहीतला आणि या आंदोलनातला मला दिसणारा फरक आहे.

दुसऱ्या दिवशी, १६ फेब्रुवारीला, लुनेता मैदानावरच्या प्रचंड सभेत कोराझोन अक्विनो यांनी जो कार्यक्रम दिला तो आपल्याकडच्या शब्दांत कायदेभंगापेक्षा असहकाराला जवळचा होता. शिरोड्याला १९३० मध्ये लोकांनी मीठ उचलले तेव्हा प्रत्यक्ष कायदाच मोडला गेला. येथे मात्र मार्कोस यांच्या मर्जीतल्या बँकांतून ठेवी काढा, त्यांच्या बाजूची वृत्तपत्रे घेऊ नका, सान मिगेल कंपनीची बिअर व शीतपेये पिऊ नका, विजेची व पाण्याची बिले उशिरा भरा, असे सांगितले गेले. सान मिगेलचे प्रमुख एदुआर्दो कोहुआंको हे अक्विनोंचे सख्खे चुलतभाऊ होते, तरी त्यांना वगळले गेले नाही. या बहिष्काराला जेमतेम आठवडा मिळाला, त्यामुळे त्यानेच सरकार पडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जिला सभेला जाता येत नव्हते अशा घरात बसलेल्या बाईलाही त्याने करण्याजोगे काम दिले, आणि २२ तारखेला जी माणसे बाहेर पडली ती अशी आठवडाभर आधीच नकार द्यायला शिकली होती.

आता सैन्याविषयी. संरक्षणमंत्री एनरिले आणि उपसेनाप्रमुख रामोस यांनी २२ फेब्रुवारीला बंड केले, ते निव्वळ मतदारांच्या प्रेमापोटी नव्हे. एनरिले यांच्या गोटातल्या अधिकाऱ्यांचा कट उघडकीस आला होता आणि अटक टाळण्यासाठी ते छावणीत जाऊन बसले. हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्यांच्यापाशी माणसे फार थोडी होती. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितास या कॅथॉलिक केंद्रावरून लोकांना छावणीभोवती येण्याचे आवाहन केले आणि एडसा हा रुंद रस्ता माणसांनी भरून गेला. २३ तारखेला ऑर्तिगास चौकाजवळ रणगाडे आले, तेव्हा जोगिणी हातात जपमाळा घेऊन त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. लोकांनी जवानांना फुले आणि खाण्याचे पदार्थ दिले. गोळीबार झाला नाही आणि रणगाडे माघारी फिरले. २४ च्या रात्री मार्कोस यांनी पुकारलेली संचारबंदी कोणी पाळली नाही. २५ तारखेला अक्विनो आणि मार्कोस या दोघांनीही अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच रात्री मार्कोस देश सोडून निघाले. बंडखोर सैनिकांना लोकांनी वाचवले, आणि लोकांवर चालून आलेल्या सैनिकांना आपल्याच माणसांवर गोळी घालवेना; श्रेयाची वाटणी मी अशी करीन.

बेनिग्नो अक्विनो यांनी विमानतळावर वाचण्यासाठी लिहून आणलेल्या निवेदनात गांधीजींचा दाखला होता. ते निवेदन त्यांना वाचता आले नाही. १९८७ च्या नव्या राज्यघटनेने अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत ठरवून दिली. पुढे २०२२ मध्ये मार्कोस यांचेच चिरंजीव मोठ्या बहुमताने अध्यक्ष झाले, आणि ते पाहून अनेक जण एडसा वाया गेला म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण तेही याच एका मुदतीच्या कलमाखाली निवडून आले आहेत.