वाचक विचारतात : मूल घरी आणायचं, पण कोणत्या वाटेने?

गेल्या अंकातल्या दत्तकविषयक मजकुरानंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची ओळख लागेल असा तपशील गाळला आहे.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या बहिणीला महिन्याभरापूर्वी मुलगी झाली. तिला ती सांभाळायची नाही, आम्हाला द्यायला ती राजी आहे. नोटरीकडे स्टॅम्पपेपर केला की पुरे, असं एका वकिलांनी सांगितलं. खरं का? (साखळी)

नाही. या बाळाच्या बाबतीत नोटरीच्या कागदाला काडीचीही किंमत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८० प्रमाणे ठरलेली प्रक्रिया डावलून मूल देणारे आणि घेणारे दोघेही गुन्हेगार ठरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मध्ये पैसे फिरले, मग ते ‘बाळंतपणाचा खर्च’ म्हणून का असेनात, तर कलम ८१ लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची होते. सिझेरियनचं बिल भरलं, वर थोडे हातात दिले, एवढ्यावरूनही प्रकरण विक्रीचं ठरू शकतं. हॉस्पिटलच्या नोंदीत आईच्या जागी स्वतःचं नाव घालून घेणं ही तर सरळसरळ खोटी नोंद. ती बाहेर येते तेव्हा मूल शाळेत जाऊ लागलेलं असतं आणि त्याला घरातून उचलून बालकल्याण समितीपुढे नेलं जातं.

त्या आईची वाट वेगळी आहे. तिने बाळासह जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जावं. समिती आधी समुपदेशन करते. तरीही ती ठाम असेल तर समितीसमोर त्यागपत्र, म्हणजे बाळावरचा हक्क सोडल्याचा कागद, होतो. त्या दिवसापासून दोन महिने तिला फेरविचाराची मुभा असते, आणि त्या मुदतीत ती बाळ परत मागू शकते. मुदत उलटली की समिती बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर करते. तिचं नाव गुप्त राहतं, हे तिला जरूर सांगा, कारण बहुतेक जणी भीतीपोटी समितीची पायरी चढत नाहीत.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. हे बाळ तुम्हाला मिळणार नाही. ते देशभरच्या यादीत जातं आणि ज्येष्ठताक्रमाने ज्यांची पाळी येईल त्यांना दाखवलं जातं. ओळखीतलं मूल ओळखीत द्यायला कायद्यात जागा आहे ती फक्त नातेवाइकांना. हे कठोर वाटेल, पण गरीब बाईवर मालकिणीचं दडपण येऊ नये यासाठी ते हवंच.

माझं वय ४३, यजमानांचं ४६. लहान बाळच हवं आहे. जमेल का? (पणजी)

दोघांच्या वयांची बेरीज धरतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. एकट्या व्यक्तीसाठी हेच आकडे ४०, ४५, ५० आणि ५५. शिवाय मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं.

तुमची बेरीज ८९, म्हणजे दोन ते चारचा गट. दोघांचे वाढदिवस उलटून गेले की ती ९१ होईल आणि तुम्ही चार ते आठच्या गटात जाल. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात, तेव्हा चतुर्थी होऊन जाऊ दे, मग बघू, असं करू नका.

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. कागदपत्रं तीस दिवसांत चढवावी लागतात, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे गोव्यात घोडं अडतं ते आडनावात : जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, पॅनकार्डावर दुसरंच, विवाहनोंदीत तिसरं. हे आधी एकसारखं करून घ्या. वैद्यकीय दाखलाही सहीशिक्क्याचा, दोघांचा वेगवेगळा.

मग समाजसेविका घरी येते. घर चकाचक करून ठेवायची गरज नाही. मूल कुठे निजणार, दोघं कामावर गेल्यावर त्याच्याजवळ कोण असणार, परसातल्या विहिरीला कठडा आहे का, सासूबाईंना हे मनापासून मान्य आहे का, हे ती बघते. या शेवटच्या प्रश्नावर घरातल्यांनी पढवलेली उत्तरं दिली की ती ओळखू येतात. अहवाल तीन वर्षं चालतो, त्याची फी ६,००० रुपये. पावतीशिवाय कोणी काहीही मागितलं तर देऊ नका.

मूल दाखवल्यावर ते ४८ तासांत राखून ठेवायचं असतं. जोडप्यांची चूक इथेच होते : ईमेल उघडलेलाच नसतो. शेवटचा आदेश २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट.

मी अविवाहित, वय ५२, निवृत्त शिक्षिका. मेरशीच्या अपना घरासारख्या संस्थेतली नऊ-दहा वर्षांची मुलगी घरी वाढवता येईल का? (मडगाव)

येईल. तुमच्यासाठी प्रतिपालन, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी वाढवणं, हा योग्य मार्ग आहे. संस्थेतल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील हयात असतात, त्यामुळे ती दत्तक देता येत नाहीत, पण त्यांना घर हवं असतं. २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ वर्षांवरच्या एकट्या व्यक्तीलाही सहा वर्षांवरचं मूल असं वाढवता येतं. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. घरभेट, मंजुरी समितीची संमती आणि शेवटी बालकल्याण समितीचा आदेश, असा क्रम. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात. समितीची पाहणी दर महिन्याला असते, आणि मुलीच्या हिताला बाधा नसेल तर जन्मदात्यांना तिला भेटता येतं. ही भेट नको असेल तर या वाटेला जाऊच नये. आई भेटून गेल्यावर मुलगी दोन दिवस जेवत नाही, अंथरूण ओलं करते. म्हणून भेटी बंद करा असा अर्ज लगेच टाकू नका, आधी समुपदेशकाशी बोला. भावंड असेल तर दोघांना एकत्र ठेवण्याचा आग्रह धरा, कायदाही तेच म्हणतो.

दोन वर्षांनंतर मूल दत्तकासाठी मुक्त असेल तर दत्तकाचा विचार होऊ शकतो. पण दत्तकाची रांग चुकवायला म्हणून प्रतिपालन घेणारे तोंडघशी पडतात : मुलीची घरची परिस्थिती सुधारली तर ती परत जाणार, आणि जायलाच हवी.

भाऊ आणि वहिनी अपघातात गेले. पुतण्या आमच्याकडेच आहे. शाळा आणि बँक पालकत्वाचा कागद मागते. (काणकोण)

दोन गोष्टी करता येतील. त्याला सांभाळायचं, पण मुलगा भावाचाच ठेवायचा असेल, तर बालकल्याण समितीपुढे जाऊन पालकत्वाबाबत आदेश मागा आणि प्रायोजकत्वासाठी, म्हणजे मुलाच्या खर्चाला मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, अर्ज करा. नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांना ते लागू आहे. मदत तीच, ४,००० रुपये, मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न गावात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० च्या आत हवं.

दत्तक घ्यायचा असेल तर नात्यातला दत्तक. सख्खे काका-आत्या, मामा-मावशी आणि आजी-आजोबा एवढेच कायद्याने नातेवाईक. वडिलांचा चुलतभाऊ त्यात बसत नाही. तुम्ही बसता. वयाची बेरीज इथे पाहत नाहीत. आई-वडील नसल्यामुळे संमतीचा कागद समितीमार्फत होईल, आणि मुलगा पाच वर्षांवरचा असेल तर त्याचीही संमती लागते. नोंदणी पोर्टलवरच. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांनी उपनिबंधकाकडे दत्तकपत्र केलं म्हणून आपणही करू, असं नको. गोव्यात कौटुंबिक कायदा वेगळा आहे.

मिळकतीचं आधी समजून घ्या. भावाच्या घराचा जो हिस्सा मुलाच्या नावे आला आहे, तो दत्तकानंतरही त्याचाच राहतो. वर तो तुमच्या पोटच्या मुलांबरोबरीचा वारस होतो. आपल्याकडे मुलांना इस्टेटीच्या अर्ध्या भागातून मृत्युपत्राने डावलता येत नाही. तेव्हा ही गोष्ट घरातल्या मोठ्या मुलांना आजच सांगा. पुढे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वारसावाटणीच्या, वेळी कळलं तर भांडण होतं.

मुलगा-सून लंडनला, दोघांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे. इथे आमच्या पत्त्यावरून नोंदणी करतील का? (म्हापसा)

करू शकत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व उरत नाही, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी. त्यांचा अर्ज राहत्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आंतरदेशीय दत्तक म्हणून येतो. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यांना मात्र इथल्या जोडप्यांबरोबरीचा क्रम मिळतो.

देवळाच्या पायरीवर बाळ सापडलं तर? (पेडणे)

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस, ताबडतोब. २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. घरी नेऊन दूध पाजलं, फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, असं करू नका. बाळाचा फोटो पसरवणं हाही गुन्हा आहे.