जालन्याहून आईला टाटा हॉस्पिटलला न्यायचं आहे. संभाजीनगर ते मुंबई विमानाचं अंतर किती आणि वेळ किती लागतो?

चिकलठाणा विमानतळापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण 280 किलोमीटर आहे. तिकिटावर एक ते सव्वा तासाचा वेळ दिलेला असतो. पण तुम्हाला आईला परळपर्यंत न्यायचं आहे, म्हणून जालन्यातल्या घरापासून ओपीडीच्या दारापर्यंतचा हिशोब सांगतो. वडिलांच्या उपचारांच्या वेळी आम्ही याच वाटेने ये-जा केली आहे.

280 किलोमीटरला एक तास का, असं वाटेल. ताशी 800 च्या वेगाने वीस-बावीस मिनिटंच व्हायला हवीत. पण विमान वर चढताना आणि खाली येताना तो वेग नसतो, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दी असली की उतरण्याआधी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

आता पुढचं. जालन्याहून चिकलठाण्याला एक तास. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचायचं. उड्डाणाचा एक तास, सामान घ्यायला अर्धा, तिथून परळला ट्रॅफिकप्रमाणे एक तास किंवा जास्त. पाच तास धरूनच चाला.

वंदे भारतने जालन्याहून दादरला साडेसहा-सात तास लागतात. दादरला उतरलं की टाटा टॅक्सीने अगदी जवळ. म्हणजे विमानाने वाचतात ते फार तर दोन तास, आणि त्या पाच तासांत आईला चार ठिकाणी उठ-बस करावी लागते. दिल्लीची गोष्ट वेगळी. ती संभाजीनगरहून हवाई मार्गाने 980 किलोमीटरच्या आसपास आहे, विमानाला दोन तास आणि सचखंड एक्सप्रेसला जवळजवळ एक दिवस लागतो. तिथे मी विमानच घ्या म्हटलं असतं. मुंबईला रस्त्याने जायचं तर समृद्धी महामार्ग आता थेट भिवंडीजवळ आमण्यापर्यंत झाला आहे. स्वतःची गाडी असेल तर आईला मागच्या सीटवर आडवं होता येतं, हा त्यातला मोठा फायदा.

माझं मत विचाराल तर जाताना रात्रीची देवगिरी एक्सप्रेस घ्या, खालचा बर्थ मिळवा. आईला झोप मिळते आणि सकाळी तुम्ही मुंबईत असता, ओपीडीसाठी तेच सोयीचं पडतं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच खेपेला दवाखान्यातून मागून घ्या. नंतर धावपळ फार होते.

परतताना मात्र केमो झालेली असेल, अंगात त्राण नसेल, तर विमानाचे पैसे खर्च करा. ते दोन तास तेव्हा खरंच उपयोगी पडतात. तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा.