रस्ता कडेपासून वाचायला घे

प्रिय,

रस्ता नव्याने बांधण्यासाठी तू काढलेली ड्रॉइंग नीट पाहिली. मधली रेषा सुरेख बसली आहे, लेनची रुंदी कुठे कमीजास्त होत नाही, दुभाजकात झाडंही आली आहेत. मोकळ्या माळावर नवा रस्ता काढायचा असता तर एवढ्यावर सही केली असती. पण तुझ्या वाट्याला आलाय तो वर्षानुवर्षं वाहता असलेला रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना माणसं राहतात, दुकानं उघडतात, गाड्या फाटकातून आत-बाहेर करतात. असा रस्ता फसतो तो बहुतेक वेळा कडेला. म्हणून आधी कडा तपास, मधल्या रेषेकडे शेवटी ये.

लेव्हलचंच, म्हणजे उंचीचंच बघ. मध्यापासून कडेपर्यंत 9 मीटर आणि आडवा उतार 2.5 टक्के धरला तर कड मध्यापेक्षा 22.5 सेंटिमीटर खाली जाते. इमारतींची जोती आणि फाटकं हलणार नाहीत, म्हणजे कडेची लेव्हल आधीच ठरलेली आहे. मध्याची लेव्हल तिच्यावरून काढायची. आपल्याकडे मात्र मध्य आधी ठरतो आणि कडेला काय होईल ते साइटवर बघू म्हणतात. मग जुन्या थरावर नवा थर चढतो, रस्ता जोत्याच्या वर जातो आणि पाणी गटार सोडून तळमजल्यात शिरतं. डांबरी रस्ता असेल तर वरचा थर खरवडूनच नवा टाकायचा, हे टेंडरमध्येच लिहून घे. एका बाजूची फाटकं दुसऱ्या बाजूपेक्षा फूटभर उंच असतील, तर दोन्हीकडे सारखा उतार देण्याचा हट्ट सोड. उंचवट्याची रेषा, म्हणजे जिथून पाणी दोन्हीकडे वळतं ती, सरकव, नाहीतर सगळं पाणी एकाच बाजूला घे.

आडवे छेद, म्हणजे रस्ता आडवा कापला तर दिसेल त्याची ड्रॉइंग, दर 20 मीटरला घेतलेस, ते रीतसरच आहे. पण फाटकं काही 20 मीटर मोजून बांधलेली नसतात. प्रत्येक फाटकाला, प्रत्येक गल्लीच्या तोंडाला आणि बसथांब्याला स्वतंत्र छेद हवा. कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, 15 सेंटिमीटर उंच असेल आणि व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार द्यायचा असेल तर नुसत्या उताराला 1.8 मीटर लागतात. फुटपाथच तेवढा रुंद असेल, तर दर फाटकाला तो खाली बुडणार आणि पुन्हा वर येणार. असल्या फुटपाथवरून कोणी चालत नाही, लोक रस्त्यावर उतरतात आणि आपण त्यांनाच बेशिस्त म्हणतो. फुटपाथ सपाट राहू दे, चढ-उतार गाडीने करावा.

बसथांब्याबद्दल थोडं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मोठी रस्ता-चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरात आहे: ॲक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या एका आसावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण 16 पट होते. हिशोबात मोटारींची संख्या कितीही मोठी दिसली तरी रस्ता खातात त्या बस आणि ट्रक. त्यातही बस एकाच जागी ब्रेक मारते, उभी राहते, पुन्हा जोर लावून निघते. थांब्याजवळचं डांबर लाटा धरतं ते त्यामुळे. तेवढ्या तुकड्याला काँक्रीट दाखव.

आता जमिनीखाली. खात्यांकडून मिळालेले नकाशे हाती ठेव, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. त्यातल्या कित्येक रेषा कोणाच्या तरी आठवणीवर ओढलेल्या असतात. जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारने पाहणी करून घे, मात्र ओल्या चिकणमातीत रडारला फारसं दिसत नाही. चौकात आणि जिथे लाइनी एकमेकींना ओलांडतात तिथे हाताने चाचणी खड्डे घ्यायलाच लाव. क्रम लावताना सांडपाणी आणि पावसाळी पाणी आधी ठरव, कारण ती उतारानेच वाहतात, त्यांना वर उचलता येत नाही. पाण्याची लाइन दाबाखाली असते, ती वळवता येते. केबल सगळ्यात शेवटी. तिला कुठूनही वाट काढता येते. पुढच्या केबलसाठी रिकामे डक्ट, म्हणजे नळ, मात्र आत्ताच टाकून ठेव, नाहीतर उद्घाटनाचा मांडव निघायच्या आत कोणीतरी खोदायला हजर होईल. खोदलेले चर थरांनी भरून दाबले जातायत ना, हे स्वतः उभं राहून बघ. एकदम लोटलेली माती पहिल्या पावसाबरोबर बसते आणि नव्या रस्त्यावर चराची रेघ उमटते.

चेंबरचं झाकण चाकांच्या वाटेत येऊ देऊ नकोस. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये चौकोनी चेंबर आलंच तर त्याच्याभोवती स्वतंत्र सांधा, म्हणजे स्लॅबपासून वेगळं ठेवणारी फट, दे, नाहीतर त्याच्या कोपऱ्यातून तडा जाणारच.

वाहनांची मोजणी ठीक आहे, पण माणसं मोजलेली दिसली नाहीत. बसमधली आणि पायी चालणारी धरलीस तर कोणाला किती जागा द्यायची, याचं उत्तर बदलू शकतं. सिग्नलच्या वेळेचंही तसंच. चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरला तर 14 मीटर रस्ता ओलांडायला जेमतेम 12 सेकंद पुरतात; म्हातारं माणूस 0.9 मीटरने चालतं, त्याला साडेपंधरा लागतात. दुभाजकात उभं राहायला जागा ठेव, झाडं थोडी मागे घे.

काम अर्ध्या-अर्ध्या रुंदीत होणार. प्रत्येक टप्प्याचं वेगळं ड्रॉइंग काढ आणि त्यात आधी पायी जाणाऱ्याची वाट दाखव, मग वाहनांची. अर्धा रस्ता खोदलेला असताना पाऊस आला तर पाणी कुठे जाईल, हा प्रश्न कंत्राटदाराला आधीच विचार. बहुतेकांकडे उत्तर नसतं.

तपासणीचे शेरे लिहिताना ‘ड्रेनेज पाहावे’ असं मोघम लिहू नकोस, त्याला ‘पाहिले’ एवढंच उत्तर येतं. कोणतं चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), ड्रॉइंगमधली लेव्हल किती, जागेवरची किती, फरक कोण मिटवणार आणि कधीपर्यंत, हे सगळं एका शेऱ्यात हवं. सुरक्षेची तपासणी मात्र ज्याने हे ड्रॉइंग काढलं नाही अशा माणसाकडून करून घे, आणि त्यालाही रात्री जागेवर पाठव. दिव्याच्या खांबामागे अंधारात लपलेला झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा दिवसा कळत नाही. रस्ता खुला झाल्यावर पहिला दमदार पाऊस पडेल तेव्हा खडू घेऊन जा, जिथे पाणी थांबलंय तिथे खुणा कर आणि फोटो चेनेजसकट कंत्राटदाराला पाठव, दोषदायित्वाची, म्हणजे दोष कंत्राटदारानेच दुरुस्त करायची, मुदत संपायच्या आत.

तुझा,
जुना सहकारी