दाराशी थांबलेला प्रश्न

प्रिय डॉक्टर,

परवा मंगळवारी ओपीडीत तुझ्या शेजारच्या टेबलावर फाईली लिहीत बसले होते, पण कान तुझ्याकडेच होते. तू काकांना लघवीचं विचारलंस, रात्री किती वेळा उठावं लागतं ते विचारलंस, संडासवाटे रक्त जातं का तेही विचारलंस. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवणारी रक्ततपासणी, पीएसए, पाहिलीस. मग 'बाकी काही त्रास?' म्हणालीस. 'नाही' म्हणून काकांनी फाईल उचलली. उठल्यावर ते क्षणभर घुटमळले. तू तोवर पुढचं नाव पुकारत होतीस, त्यामुळे ते तुझ्या नजरेतून सुटलं. माझ्या नजरेतून सुटलं नाही, कारण असाच घुटमळलेला एक माणूस मी एकदा जाऊ दिला होता.

वीसेक वर्षं झाली. बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, लालबागच्या चाळीत राहायचे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी साडेसात आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला, एकही दिवस चुकवला नाही. वर्षभराने तपासणीला आले. सगळं छान होतं. निघताना दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाले, 'मॅडम, एक विचारायचं होतं.' मी मान वर केली. 'जाऊ दे, पुढच्या वेळी.' आणि मीही जाऊ दिलं. बाहेर साठ-सत्तर माणसं खोळंबली होती.

पुढच्या वेळी त्यांची पत्नी एकटीच रिपोर्ट घेऊन आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, 'शेक झाल्यापासून हे गॅलरीत झोपतात. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय, ती किरणं माझ्या अंगात जातील म्हणून.' मी असं काही सांगितलं नव्हतं. पण किरणं बाधत नाहीत, हेही सांगितलं नव्हतं. काका गॅलरीत झोपत होते ते शरमेने, आणि ती बाई त्यांचं ताटवाटी वेगळं घासत होती ते भीतीने. दोघांशी मी मिळून दहा मिनिटं बोलले असते तरी पुरलं असतं.

म्हणून तुला सांगते: शेकानंतर लिंगाचा ताठपणा कमी होतो, हा विषय आपण काढायचा. पेशंट काढेल म्हणून थांबायचं नाही, आणि पहिला शेक लागायच्या आधीच काढायचा.

आधीच का, तर शेकाचा हा परिणाम फार सावकाश येतो. ऑपरेशनमध्ये जे जायचं ते एका दिवसात जातं, मग काहींचं थोडंफार परत येतं. शेकाचं उलट आहे. लिंगाकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या प्रोस्टेटला अगदी खेटून जातात. मशीन कितीही अचूक असलं तरी त्यांना थोडा मार बसतोच. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, त्या हळूहळू अरुंद होतात, आजूबाजूचा भाग निबर होत जातो. शेक संपतो तेव्हा माणसाला वाटतं, आपण सुटलो. आणि मग सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी ताठरता कमी होत जाते. तोवर तो आपल्याकडे सहा महिन्यांतून एकदा पीएसएचा कागद घेऊन येत असतो. त्या कागदावर हे दिसत नाही. शेकाचा याच्याशी काही संबंध असेल, हे त्याच्याही डोक्यात येत नाही. आपलंच काहीतरी संपलं, असं समजून तो गप्प बसतो.

आकडा हवा असेल तर ब्रिटनमधली प्रोटेक्ट चाचणी वाच. तिथे १६४३ पुरुषांची तीन गटांत वाटणी केली होती: नुसतं लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन. २०१६ साली निकाल आले. उपचाराआधी ६७ टक्के पुरुषांमध्ये संबंधापुरती ताठरता होती. सहा महिन्यांनी लक्ष ठेवलेल्या गटात ५२, रेडिएशनच्या गटात २२ आणि ऑपरेशनच्या गटात १२ टक्के उरले. रेडिएशनचा आकडा इतक्या लवकर घसरला, कारण त्या गटाला सुरुवातीचे काही महिने पुरुषी हार्मोन दाबणारं औषधही होतं. पुढे त्यातले काही सावरले. हे आकडे पेशंटच्या तोंडावर फेकू नकोस. पण 'क्वचित कुणाला होतं' असंही कधी म्हणू नकोस.

हार्मोन दाबणाऱ्या त्या इंजेक्शनबद्दल तर वेगळं बोलायलाच हवं. ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिन दिलं की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तळाला जातं आणि माणसाची इच्छाच विझते. अंगातून गरम वाफा येतात, चिडचिड होते, पोट सुटतं. मध्यम धोक्याच्या आजारात हे साधारण सहा महिने, जास्त धोक्याच्या आजारात दीड ते तीन वर्षं. इंजेक्शन थांबल्यावरही हार्मोन परत यायला काही महिने लागतात. वय जास्त असेल तर आणखी वेळ जातो, काहींचं पूर्ण परत येतच नाही. इच्छा आहे पण साथ मिळत नाही, हे एक दुखणं. इच्छाच नाही, हे दुसरं. 'संबंध कसे आहेत?' एवढं मोघम विचारलंस तर दोन्हींचं उत्तर 'आता कुठलं काय' असंच येईल. म्हणून दोन प्रश्न वेगळे विचार. आणि इच्छा जाणं हे औषधामुळे आहे, हे पत्नीच्या कानावर घाल. नाहीतर ती त्याचा अर्थ स्वतःवर ओढवून घेते.

वीर्याचंही आधीच सांग. शेकानंतर ते कमी येतं, काहींना येतच नाही. सुखाची जाणीव राहते, कधी थोडी फिकी होते, सुरुवातीला क्वचित दुखतंही. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो, हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ते बंद होणं म्हणजे अंगातला जीवच गेल्यासारखं वाटतं. त्याला हसू नकोस. शांतपणे सांग की ते बनवणारी ग्रंथीच आपण शेकली आहे, ताकदीशी त्याचा संबंध नाही. आणि एखाद्याला अजून मूल हवं असेल, तर शेकाआधी वीर्य साठवून ठेवायचं सुचव. हे नंतर सांगून उपयोग नसतो.

आता शब्दांचं. 'लैंगिक कार्यक्षमता' म्हणालीस तर तो भाषण ऐकावं तसा मान डोलावेल. 'लिंग ताठ होणं' असं सरळ म्हण. मी साधारण असं म्हणते: 'शेकानंतर काही महिन्यांनी पुष्कळ जणांचा ताठपणा कमी होतो. त्यावर इलाज आहेत. तुमचं सध्या कसं आहे?' पहिलं उत्तर बहुतेक वेळा 'आता वय झालं आमचं' असं येतं. तिथे पेन खाली ठेव आणि थांब. दुसरं उत्तर खरं असतं. काहींचं पहिलंच खरं असतं. त्यांना खरंच नको असतं, आणि त्यांच्या मागे लागायचं नाही.

आणखी एक. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला 'आजोबा' म्हणू नकोस. एकदा आजोबा म्हटलं की हा प्रश्न विचारायची वाट तू स्वतःच बुजवलीस. फाईल धरून शेजारी बसलेला मुलगा सगळी उत्तरं देत असतो, त्याला बिल भरायला पाठव. मुलगा, सून, नातवंडं, एका खोलीत सहा माणसं. या शहरात नवरा-बायकोला एकांत दवाखान्यातल्या दहा मिनिटांपुरताच मिळतो, कधीकधी.

तू बाई आहेस म्हणून ते लाजतील, असं तुला वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं. पण ते आपल्या चेहऱ्याकडे बघत असतात. आपण नजर खाली वळवली की ते गप्प होतात, एवढंच.

औषधांचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण घोटाळा इथेच होतो. ताठपणासाठीच्या गोळ्यांचा, सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलचा, शेकानंतर पुष्कळांना उपयोग होतो. पण गोळी घेऊन नुसतं पडून राहिलं तर काही होत नाही, जवळीक लागतेच, हे सांगावं लागतं. सिल्डेनाफिल भरल्या पोटी घेतली की उशिरा लागू पडते, आणि दोनदा जमलं नाही की माणूस पाकीट फेकून देतो. शेकाबरोबरच रोज टाडालाफिल घेतली तर पुढचं नुकसान टळेल, अशी आशा होती; २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती फोल ठरली. तेव्हा तसं वचन देऊ नकोस. गोळीने भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे, शेवटी इम्प्लांट आहे. त्यासाठी वेळेवर युरोलॉजिस्टकडे पाठव. साखर, बीपी, तंबाखू यांचाही यात मोठा वाटा असतो, ते बघ.

आणि सॉर्बिट्रेट! छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला म्हणून आपल्याकडे कितीतरी काकांच्या शर्टाच्या खिशात ती गोळी असते. तिच्यासोबत सिल्डेनाफिल गेली तर बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. खिशात काय आहे ते विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नकोस. लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी' अशी स्टिकर्स असतात ना? आपण बोललो नाही की आपला पेशंट त्या नंबरवर फोन करतो. अशा 'आयुर्वेदिक' पुड्यांत लपवून सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. मग सॉर्बिट्रेटवाल्या काकांचं काय होईल, विचार कर. मला या गोष्टीची अजूनही धास्ती वाटते.

शेकाच्या खोलीबाहेरचा तो बाकही एकदा बघून ये. मूत्राशय भरावं म्हणून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून माणसं लघवी दाबून बसलेली असतात, नंबर जाईल म्हणून जागचं उठत नाहीत. आपल्याशी जे बोलत नाहीत, ते तिथे एकमेकांशी बोलतात. 'शेक संपला की सगळं पहिल्यासारखं होतं,' असं कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतो. त्याच्या आधी तू सांगितलेलं असलं पाहिजेस. बायकोला शेजारी घेऊन झोपायला हरकत नाही, नातवाला मांडीवर घ्यायलाही नाही, बाहेरून दिलेली किरणं अंगात उरत नाहीत, हेसुद्धा. प्रोस्टेटच्या आत रेडिओअ‍ॅक्टिव्ह दाणे बसवले असतील तर मात्र सुरुवातीचे काही आठवडे निरोध वापरणं, गरोदर बाई आणि लहान मुलांपासून अंतर राखणं अशी पथ्यं असतात, ती वेगळी लिहून दे.

मंगळवारच्या त्या काकांची पुढची तारीख मी फाईलवर बघितली, तीन महिन्यांनंतरची आहे. तेवढं थांबू नकोस, फोन करून याच महिन्यात बोलाव. त्यांच्या पहिल्या पानावर अँजिओप्लास्टी लिहिलेली आहे, ती आधी वाच. काकांशी पाच मिनिटं एकट्याशी बोल, मग त्यांना विचारून बाहेर बाकावर बसलेल्या काकूंना आत घे. दोघांसाठी दोन खुर्च्या लागतील; माझ्या टेबलाजवळची एक घेऊन जा.

तुझी,
मॅडम