बंपरच्या पाठीवर काय लिहिलंय?

या वेळच्या टपालात स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बंपरबद्दलच जास्त विचारणा होती. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी २०१८ ची फोर्ड मस्टँग आहे. वर्षभरापूर्वी पुढचा बंपर पूर्ण रंगवून घेतला. आता प्रेशरने गाडी धुतली की पोपडे उडतात आणि खालचं काळं प्लॅस्टिक दिसतं. पेंटर म्हणतो, पाण्याचा प्रेशरच जास्त होता. वरून एक हात मारून भागेल का? (पुणे)

भागणार नाही. पाण्याने फक्त दोष उघडा पाडला. निघालेला पोपडा उलटा करून पाहा. मागची बाजू गुळगुळीत असेल आणि प्रायमरही सोबत आला असेल, तर त्या थराने प्लॅस्टिकला कधी धरलंच नव्हतं. (खाली रंग शाबूत राहून वरचा क्लिअर कोट (चकाकीचा पारदर्शक थर) तेवढा सुटत असता, तर दुखणं वेगळं. तिथे बहुधा बेस कोट (रंगाचा थर) मारल्यावर क्लिअरला उशीर झालेला असतो.)

बंपर उतरवा आणि आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचा. आजकालच्या बहुतेक बंपरवर पीपी, ईपीडीएम, टीडी २० असं काहीतरी सापडेल. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचिकतेसाठी रबर आणि २० टक्के टाल्क (खनिजाची भुकटी). अक्षरं नसली तर एक कपची पाण्यात टाकून बघा, तरंगली की पॉलिप्रॉपिलीन, असं गॅरेजात सांगतात. त्यावर फार विसंबू नका. साधं पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पण २० टक्के टाल्कवालं पाण्यापेक्षा किंचित जड होऊन बुडतं.

हे प्लॅस्टिक मेणचट असतं. त्यावर रंग पसरतो, पण रुजत नाही. म्हणून प्रायमरच्या आधी अॲडहेजन प्रमोटर लागतो, आणि घाईत वगळला जातो तोही हाच थर.

पाया कच्चा निघाला आहे, तेव्हा सगळा रंग काढा. पेंट रिमूव्हर वापरू नका, त्याने प्लॅस्टिक फुगतं. घासण्याच्या आधी भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने धुवा, मग वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावून ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. क्रम उलटा केलात तर पॉलिशमधलं सिलिकॉन कागदाबरोबर ओरखड्यांत शिरतं आणि रंगात फिश आय (माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे) उठतात. मग १८० आणि ३२० नंबरचे पेपर, मशीन कमी वेगावर. वेग वाढला की प्लॅस्टिक तापून त्यावर लव उभी राहते. ती ५०० च्या पाणी पेपरने बसवा, कडांना आणि खाचांना राखाडी स्कॉच-ब्राइट (घासणीसारखं पॅड) फिरवा. बंपर पूर्ण सुकवून पुन्हा टिपून घ्या.

प्रमोटरचे एक-दोन अगदी पातळ हात. जाड मारला तर तोच थर मऊ राहून दगा देतो. साधारण १० मिनिटं थांबा आणि डब्यावर दिलेल्या मुदतीत टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) प्रायमर सर्फेसरचे दोन हात द्या. रात्रभर सुकल्यावर पाणी पेपर : साध्या रंगासाठी ६००, मेटॅलिकसाठी ८००. या टप्प्यावर भलेभले फसतात. घासताना एखाद्या कडेला प्रायमर फाटून प्लॅस्टिक दिसलं, तर तेवढ्या जागी पुन्हा प्रमोटर आणि पुन्हा प्रायमर. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून थेट बेस कोट मारला, की पुढचा पोपडा तिथूनच सुटणार.

बेस कोटचे दोन-तीन हात, दर हाताला पृष्ठभाग मॅट दिसेपर्यंत थांबायचं. मग क्लिअरचे दोन. थिनरसह तयार बेस कोट सुमारे ६०० मिली आणि क्लिअर ५०० मिली हाताशी ठेवा. बेस आणि क्लिअरला १.३ मिमीचं नोझल चालतं, प्रायमरला १.६ ते १.८. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. हे काम बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कनेच करावं. भट्टीत ६० अंशांवर सुकवणार असाल तर बंपरला मधोमध आधार द्या, नाहीतर तो वाकतो आणि फेंडरशी फट पडते.

प्रश्न : बंपर नवा, रंगाचा कोड बरोबर, तरी सिल्व्हर रंग बॉनेटपेक्षा काळपट दिसतो. डबा चुकला का? (ठाणे)

डब्याआधी हाताकडे बघा. मेटॅलिकमधले ॲल्युमिनियमचे कण ओल्या थरात बुडून आडवेतिडवे बसले की रंग गडद दिसतो. कोरडा, दुरून मारला की उजळ. बंपर जमिनीवर आडवा ठेवून रंगवला असेल तर फरक हमखास. गाडीवर जसा बसतो तसाच स्टँडवर उभा लावा आणि शेवटचा हात थोडा दुरून, हलका द्या. आधी पत्र्याच्या तुकड्यावर क्लिअरसकट नमुना करून तो उन्हात बॉनेटशेजारी धरा, ट्यूबलाइटखाली नव्हे. तसंही कारखान्यात बॉडीचा रंग जेवढ्या उष्णतेत भाजतात तेवढी प्लॅस्टिकला सोसत नाही. बंपर वेगळे, कमी तापमानावर रंगवतात. त्यामुळे कोऱ्या गाडीतही किंचित फरक असतो.

प्रश्न : टर्बो गाडीच्या इंटरकूलरला जास्त हवा मिळावी म्हणून बंपरचं तोंड मोठं कापायचंय. खाली स्प्लिटरही लावायचाय. (कोल्हापूर)

इंटरकूलर म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी, आणि स्प्लिटर म्हणजे बंपरखालून पुढे येणारी आडवी फळी. कापण्याआधी आतल्या फटी बुजवा. तोंडातून आलेली हवा इंटरकूलरच्या बाजूने निसटत असेल, तर तोंड मोठं करून ती आणखी निसटेल. तोंडापासून इंटरकूलरच्या चारही कडांपर्यंत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं डक्ट करा, कडेला फोमची पट्टी लावा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. जाळी बारीक घेऊ नका, हवा अडते.

कापायचंच असेल तर फक्त वरचं कव्हर कापा. मागचा फोम आणि क्रॅश बीम यांना ब्लेड लागता कामा नये. धडक झेलायचं काम त्यांचं आहे. कापाचे कोपरे गोल ठेवा, काटकोनातून चीर धावते.

स्प्लिटर बंपरच्या कव्हरला नुसत्या स्क्रूने टांगू नका, वेगात तो कव्हरसकट खाली ओढला जातो. ब्रॅकेट चासीला किंवा सबफ्रेमला जोडा. आपल्याकडचे गतिरोधक पाहता पुढची कड एबीएस प्लॅस्टिकची, बदलता येईल अशी ठेवलेली बरी.

प्रश्न : माझ्या जुन्या माझदा एमएक्स-५ साठी फायबरग्लासचा बंपर मागवला. प्रायमर लावलेलाच आला आहे. घरच्या गॅरेजमध्ये स्प्रे कॅनने थेट रंग मारू का? (लीड्स, इंग्लंड)

आधी गाडीवर बसवून पाहा. असे बंपर दोन-चार मिलीमीटर इकडेतिकडे असतातच. घासणं, भोकं पाडणं, हेडलाइटशी जुळवणं रंगाआधी उरकायचं. आलेल्या थराला प्रायमर समजू नका. तो बहुधा राखाडी जेलकोट (फायबरग्लासचा साच्यातच बसलेला बाहेरचा रेझिनचा थर) असतो आणि त्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण असतं. ग्रीस रिमूव्हर, मग ३२० चा पेपर, पुन्हा ग्रीस रिमूव्हर. घासल्यावर टाचणीएवढी छिद्रं उघडतील. ती प्रायमरने बुजत नाहीत, वर कातडं धरतं आणि ऊन लागलं की आतली हवा फुगून फोड येतो. पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) पत्तीने दाबून भरा. प्रमोटरची इथे गरज नाही.

क्लिअर मात्र टू-के कॅनचाच घ्या. बुडाचं बटण दाबलं की हार्डनर आत मिसळतं आणि मग कॅन उद्या-परवापर्यंतच चालतो. यालाही आयसोसायनेटचा नियम लागू, तेव्हा जोडलेल्या गॅरेजमधून वास घरात जाणार नाही ते पाहा. गॅरेजबरोबर बंपरही १५ अंशांच्या वर हवा. थंडगार बंपर उबेत आणला की त्यावर दव धरतं.

प्रश्न : पार्किंग सेन्सर आणि रडार असलेला बंपर रंगवताना काय सांभाळायचं? रंगही बदलायचा आहे. (नाशिक)

सेन्सर काढून वेगळे, पातळ थरात रंगवा. जुन्यावर थर चढत गेले की ते उगाच वाजतात किंवा गप्प बसतात. रडारसमोरच्या भागात लांबी भरू नका. तिथे तडा असेल तर कव्हरच बदला. मेटॅलिकचे जाड थरही तिथे टाळा, आणि बंपर परत बसवल्यावर कॅलिब्रेशन करून घ्या.

गाडीचा आरसीवरचा रंग बदलत असाल तर आधी आरटीओत नोंद हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा.