सिरॅमिक शिकून नंतर खऱ्या शिल्पकलेकडे वळता येईल का?

तुम्ही विचारलंय की इचलकरंजीतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी कोल्हापुरात सिरॅमिक शिकायचं, हात बसला की ‘खऱ्या शिल्पकलेकडे’ वळायचं, हे जमेल का आणि त्यावर पोट भरेल का. जमेल. पण तो ‘खऱ्या’ शब्द वाचला आणि गप्प बसवेना, म्हणून एवढं लिहितेय.

मी कोल्हापूरच्या बापट कॅम्पातली. आबा गणपतीच्या मूर्ती करतात, त्यांच्या आधीच्या पिढ्या कुंभाराच्या चाकावरच्या. मी शिल्पकला शिकले आणि नंतर पाच वर्षं शहरातल्या एका नावाजलेल्या शिल्पकारांच्या कारखान्यात काम केलं. नाव सांगणार नाही. माणूस मोठा आहे आणि मला माणसाचं डोकं बांधायला त्यांनीच शिकवलं. कोल्हापूर पुतळ्यांचं गाव. बाबूराव पेंटर नुसते सिनेमावाले नव्हते, चित्रकार होते, शिल्पकारही होते. त्यांच्यानंतरही इथं हा धंदा टिकलाय, हे तुम्हाला चौकाचौकात दिसतंच. त्यात माती लागते, पण काही दिवसांपुरती. सांगाड्यावर माती चढवायची, चेहरा आणायचा, साचा घ्यायचा, साच्यातून मेण, मेणातून ब्राँझ. साचा निघाला की माती खरवडून परत हौदात.

तिसऱ्या वर्षी एका म्हातारीचा अर्धपुतळा आला. फोटो एकच, तोही लग्नातला. दोन महिने मी तो चेहरा केला. जन्मभर मिश्री लावणाऱ्या बाईचा खालचा ओठ एका बाजूला जरा सैल सुटतो, तो मला सापडला होता. सरांनी बघितलं, मान हलवली, साचा घेतला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर पोरगा खुरप्यानं तो ओठ खरवडून हौदात टाकत होता. महिनाभरानं ब्राँझ आलं तेव्हा ग्राइंडर फिरून ओठ सरळ झाला होता. फिनिशिंग म्हणे. मी सरांना म्हटलं, मातीत होती ती बाई यात नाही. सर म्हणाले, “अगं, माती म्हणजे कच्चा खर्डा. खर्डा कोण जपून ठेवतं?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मी घरी आजीला बसवलं आणि तिचं डोकं स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीत करायला घेतलं, साचा न घेता थेट भट्टीत भाजायचं म्हणून. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा घातला, आमच्याकडं त्याला ग्रॉगच म्हणतात. चौदा इंचांचं डोकं बांधलं, कारण वाळताना आणि भाजताना मिळून ती माती साधारण १२ टक्के आटते. आतून पोकळ केलं, पण मानेपाशी हात पोचला नाही म्हणून दोन इंच जाड तसंच राहिलं. पहिल्या भाजणीत रात्री अकराच्या सुमाराला धप्प आवाज आला. सकाळी दार उघडलं तर कपाळ आणि नाक यांचे तुकडे खाली पडलेले. सगळे सांगतात की मातीत हवेचा बुडबुडा राहिला की वस्तू फुटते. चूक. फोडते ती ओल. शंभर अंशांवर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसली की ती भिंत घेऊन बाहेर पडते. वाळलेल्या मातीत बुडबुडा असला तरी बिघडत नाही.

दुसरं डोकं केलं ते पावसाळ्यात. प्लास्टिक गुंडाळून, रोज थोडं थोडं उघडं करत वाळवलं. पाच आठवड्यांनी मला वाटलं झालं. आजी आली, खाली बसली आणि तिनं आपला गाल त्या मातीच्या गालाला लावला. रांजण वाळला का हे ती आयुष्यभर असंच बघत आली. माती गालाला गार लागली की आत ओल आहे. त्या क्षणी दोन्ही चेहरे एकमेकांना टेकलेले, एक माणसाचा, एक मातीचा, आणि आजी डोळे मिटून अंदाज घेतेय. “गार हाय अजून,” म्हणाली. “आठ दिस थांब.” मी बारा दिवस थांबले. एक सांगते, या बाईनं साठ वर्षं माती मळली, चाळली, राख आणि लीद मिसळून दिली, चुली केल्या, पण चाकावर तिला कुणी बसू दिलं नाही. बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, अशी रीत होती.

पहिली भाजणी अगदी मंद, मग शेवटची १२४० अंशांना. काढलं तेव्हा लालसर मातीचा रंग गडद तपकिरी झाला होता. चेहऱ्याला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, दिलं नव्हतं, फक्त सुरकुत्यांत लोखंडाच्या ऑक्साइडचं पाणी फिरवलं होतं. आजीनं बोटाच्या पेरानं कानावर टिचकी मारली. मडकं घेताना बघतात तशी. खणखणीत वाजलं. “भाजलंय,” एवढंच बोलली.

सर बघायला आले. डोकं फिरवून फिरवून बघितलं, मानेवर बराच वेळ हात ठेवला, म्हणाले, “उत्तम. आता साचा घेऊ, ब्राँझ करून टाकू.” मी नाही म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

ब्राँझच टिकतं, हा सरांचा मुद्दा नेहमी कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमपाशी जायचा. तिथं इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी रोमन ब्राँझमूर्ती आहे. दोन हजार वर्षं टिकली बघ, म्हणायचे. टिकली, मान्य. पण त्याच टेकडीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५–४६ साली उत्खनन केलं तेव्हा ढिगानं काय निघालं? खापरं. कुठला थर कुठल्या काळातला, हे ठरवायला त्या खापरांचाच आधार असतो. आणि ताकदीचंच बोलायचं तर ब्राँझ हजार अंशांच्या आतबाहेर वितळतं. माझी आजी ज्या भट्टीतून निघाली तिथं पोसायडन ठेवला असता तर पाणी होऊन वाहिला असता.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हाला आठवत असेलच. गणेशचतुर्थी तोंडावर आलेली. आमच्या शेडमध्ये पाणी शिरलं. आबांच्या शाडूच्या मूर्ती फळ्यांवरच बसल्या, हात गळले, सोंडा गळल्या, शेवटी नुसता गाळ. आजीचं डोकं जमिनीवरच होतं. पाच दिवस पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर मी बादलीभर पाण्यानं धुतलं आणि उन्हात ठेवलं. आबा ते बघत उभे होते. वर्षभराची कमाई गेली होती, काही बोलायची वेळ नव्हती, मीही बोलले नाही. शाडू विरघळली म्हणून ती कमी प्रतीची माती असं मुळीच नाही, ती विरघळण्यासाठीच आणतात. पण ‘माती म्हणजे कच्चं’ असं सरसकट म्हणणाऱ्यानं त्या दिवशी आमच्या शेडमध्ये यायला हवं होतं.

आता तुमच्या ‘वळण्या’बद्दल. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) शिल्पकार शंखो चौधरींच्या हाताखाली शिल्पकला शिकल्या आणि मग सिरॅमिककडे आल्या. आल्या आणि तिथंच राहिल्या. त्यांनी केलेली मांजरं बघा. पाठीच्या एका वळणात अख्खं मांजर असतं. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथं एका बाजूला जेवणाची ताटं-वाट्या, दुसऱ्या बाजूला मीकरांची माणसापेक्षा उंच शिल्पं, दोन्ही भाजलेल्या मातीचीच. यात खालची पायरी कुठली आणि वरची कुठली, तुम्हीच सांगा.

पोटाचं विचारलंय ते थोडक्यात. शिल्पं विकून माझं घर चालत नाही. कप, बरण्या, कुंड्या आणि शनिवार-रविवारचे वर्ग यांवर चालतं. नोकरी लगेच सोडू नका. भट्टी तर पहिली दोन वर्षं घेऊच नका. थ्री-फेज जोडणीपासून सगळा खर्च सुरू होतो, आणि तोवर दुसऱ्याच्या भट्टीत जागा भाड्यानं मिळते. चाक शिकायचं असेल तर बेळगावच्या पुढं खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे, तिथं चौकशी करा. पण कुठंही शिका, पहिले तीन महिने फक्त माती मळा. मळणं टाळणारी पोरं मी वर्गात ठेवत नाही.

आणि सरांवर अन्याय नको. चौकातला अश्वारूढ पुतळा सिरॅमिकमध्ये होणार नाही. घोड्याच्या पायांवर तेवढं वजन माती पेलत नाही आणि तेवढी भट्टीही नाही. तिथं ब्राँझच. शिल्पकार हिम्मत शाहांनीही डोकी मातीत केली तशी ब्राँझमध्येही केली आणि दोन्ही थोर आहेत. माझं भांडण ब्राँझशी नाही, खर्डा म्हणण्याशी आहे. माणसाचं डोकं, हाडं, स्नायू हे शिकायला तुम्हाला पुतळ्याच्या कारखान्यातच जावं लागेल, ते चाकावर येत नाही. मलाही आलं नसतं.

एक राहिलं. कोरडी माती झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि पावडर मिसळताना साधा रुमाल नको, चांगला मास्क लावा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.