दुसरा मॉनिटर लावला की स्क्रीन काळी पडायलीय! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : सर नमस्कार. निपाणीत माझा फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी आणि शिवजयंती मिरवणुकीचं एडिटिंग करतो. मशीन म्हणजे आय५ १२४००, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० बारा जीबीवालं ग्राफिक्स कार्ड. यूट्यूबवर बघून आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा स्पीड वाढवायचं सॉफ्टवेअर) कोअर +१५० आणि मेमरी +१००० केलं, दोन महिने मस्त चाललं, पोरगा गेमपण खेळला, काही झालं नाही. मग २७ इंची क्यूएचडी १४४ हर्ट्झचा नवीन मॉनिटर घेतला आणि जुना २२ इंची ६० हर्ट्झचा बाजूला ठेवला, तेव्हापासून नुसता ताप चाललाय. काही काम नसताना कार्ड ५५ डिग्रीला बसतंय, मधूनच दोन्ही स्क्रीन काळ्या होऊन दोन-तीन सेकंदांनी परत येतात, कधी एक्सपोर्ट ८० टक्क्यांवर आलं की सॉफ्टवेअरच बंद. जुना मॉनिटर काढला की परत चांगलं. दुकानदार म्हणतोय कार्ड गेलं, नवीन घ्या. खरंच गेलंय का ओ? सीझन तोंडावर आलाय.

उत्तर : दादा, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून कार्ड गेलंय असं मला वाटत नाही, नवीन कार्डाचे पैसे आत्ता खिशातच राहू द्या. एक मॉनिटर काढला की सगळं सुरळीत होतंय ही तुम्हीच लिहिलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, मेलेलं कार्ड असं मॉनिटर मोजून वागत नाही.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. मोकळं असताना कार्ड गरम राहणं ही एक आणि स्क्रीन काळी होणं ही दुसरी. पहिली बिघाड नाहीच मुळात. कसं असतंय बघा, एकच मॉनिटर असला आणि काम नसलं की कार्ड आपल्या मेमरीचा स्पीड एकदम खाली आणतं, ३०६० वर आफ्टरबर्नरमध्ये तो आकडा ४०५ दिसतो, काम आलं की ७५०० वर जातो. हा गिअर बदलताना मॉनिटरला चित्र पाठवणं चालू असलं तर स्क्रीन फडफडणार, म्हणून कार्ड एक फ्रेम संपून दुसरी सुरू व्हायच्या मधली जी बारीकशी फट असते तेवढ्यात बदलून घेतं. आता तुमचा नवा मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र मागतोय म्हणजे साधारण ७ मिलिसेकंदाला एक, आणि जुना ६० वेळा म्हणजे साडेसोळा-सतरा मिलिसेकंदाला एक, दोघांच्या फटी एकावेळी जुळणार कशा? टिळकवाडीत रेल्वे गेटवर उभं राहिलंय का कधी, एक गाडी गेली म्हणून गेट उघडत नाही, दुसऱ्या रुळावरची पण जायला लागते. इथं तर दोन्ही रुळ एकदम मोकळे होतच नाहीत, मग ड्रायव्हर (विंडोजमधून कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणतो जाऊ दे, मेमरी वरच्याच गिअरला राहू दे. त्यामुळे बसल्या बसल्या वीस-पंचवीस वॅट जास्त जातात आणि ५५ डिग्री दिसते. ५५ ने काही बिघडत नाही, या कार्डाची वरची मर्यादा ९३ डिग्री आहे.

पण दुसरी गोष्ट इथूनच सुरू होते. तुम्ही +१००० केलंय म्हणजे ७५०० ची मेमरी ८५०० ला चालवताय, १३ टक्के जास्त. एक मॉनिटर होता तेव्हा ही ओढ फक्त गेम किंवा एक्सपोर्टपुरती पडायची, मधे मधे मेमरीला विश्रांती होती. आता सकाळी मशीन चालू केल्यापासून रात्री बंद करेपर्यंत ती ८५०० लाच पळतेय, त्यात दोन स्क्रीनचं चित्र सतत वाचायचं, त्यातच एक्सपोर्ट. दोन महिने टिकलं ते दिवसातले दोन-तीन तास टिकलं, आता बारा तास टिकायला लागतंय. आणि गेम टिकला म्हणजे ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला स्पीड) टिकला असं अजिबात नसतं ओ, गेममध्ये एखादा ठिपका चुकला तर पुढच्या फ्रेमला पुसला जातो पोराला कळत पण नाही, एक्सपोर्टमध्ये तीच चूक फाइलमध्ये जाते नाहीतर ड्रायव्हर कोसळतो.

काळी होऊन परत येण्याचं कारणही सांगतो. विंडोज कार्डाकडून उत्तराची वाट साधारण २ सेकंद बघतं, नाही आलं तर ड्रायव्हर स्वतःहून रीसेट करतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, तिथं स्क्रीन गेली त्या वेळेला ४१०१ नंबरची नोंद आहे का बघा. असली तर हेच झालंय.

आता करायचं काय. आफ्टरबर्नरमध्ये रीसेट मारा आणि विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करायची जी खूण असते ती काढा, ही लई जण विसरतात आणि मग म्हणतात रीसेट करूनही फरक नाही. दोन्ही मॉनिटर लावूनच तीन दिवस नेहमीचं काम करा. या तीन दिवसांत दुसरं काहीही बदलू नका, ड्रायव्हर नको, केबल नको, नाहीतर कशाने बरं झालं ते शेवटपर्यंत कळणार नाही. माझं स्वतःचं असं झालंय, दोन रविवार ड्रायव्हर काढ-घाल करण्यात घालवले, त्याच घाईत केबलपण बदललेली, आणि पुढे तीच जुनी केबल परत लावल्यावर कळलं की दोष केबलचाच होता. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट हे मी पाळतो आणि तुम्हालाही कळकळीने सांगतो.

तीन दिवसांत एकदाही काळी झाली नाही तर प्रश्न मिटला, ओव्हरक्लॉकच कारण होता. तरी होत असेल तर मग दोन्ही स्क्रीन एकदम जातात की एकच, ते नीट बघा. एकच जात असेल तर कार्डाला दोष द्यायच्या आधी केबल. क्यूएचडी १४४ ला सेकंदाला १४ गिगाबिटच्या आसपास माहिती लागते, जुन्या एचडीएमआय १.४ च्या केबलची मजल १०.२ पर्यंतच, त्यामुळे नवीन मॉनिटर डिस्प्लेपोर्टलाच लावा आणि केबल दोन मीटरच्या आतली घ्या. स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा ठिपके दिसले तर लगेच स्क्रीनशॉट काढून तो मोबाईलवर बघा. मोबाईलवरही चौकोन दिसले तर घाण कार्डाच्या मेमरीतच आहे, स्क्रीनशॉट स्वच्छ असला तर केबल किंवा मॉनिटर. पैसा लागत नाही आणि दुकानदाराला दाखवायला पुरावा होतो.

अख्खं मशीनच रीस्टार्ट होत असेल तर गोष्ट वेगळी, मग पॉवर बघायची. आपल्याकडे लाईटचं काय चालतंय तुम्हाला सांगायला नको. साधा ६०० व्हीएचा यूपीएस असतो ना, तो ३६० वॅटच्या आसपासच देतो. तुमचं कार्ड मूळचंच १७० वॅटचं, प्रोसेसर जोरात गेला की ११७ पर्यंत, त्यात दोन मॉनिटर, हार्डडिस्का, पंखे, वर ओव्हरक्लॉक. म्हणजे काठावरच आलं. लाईट गेली आणि त्याच वेळी एक्सपोर्ट चालू असला की यूपीएस हात टेकतो. १००० व्हीए तरी ठेवा, आणि जुन्या घरात स्टुडिओ असेल तर वायरमनकडून अर्थिंग एकदा तपासून घ्याच.

आणि निपाणी म्हणून मुद्दाम विचारतो, शेजारी तंबाखूची वखार आहे का? असली तर ती बारीक धूळ पंख्यातून हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. मशीन बंद करून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा, पंखा फिरू देऊ नका.

मोकळं असताना गरम राहतंय त्याला उपाय दोन. नवीन मॉनिटर १४४ वरून १२० हर्ट्झ करून बघा, १२० म्हणजे ६० ची बरोब्बर दुप्पट, बऱ्याच जणांची मेमरी तेवढ्याने खाली येते आणि एडिटिंगमध्ये १४४ आणि १२० चा फरक तुम्हाला जाणवणार पण नाही. नाहीतर तुमचा प्रोसेसर १२४०० आहे, शेवटी एफ नाही, म्हणजे त्याच्या आत स्वतःचं ग्राफिक्स आहे, तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाचं मूळ सेटिंग) ते चालू करून जुना मॉनिटर सरळ मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा. कार्डावर मग एकच मॉनिटर राहिला, भांडणच संपलं. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

परत ओव्हरक्लॉक करावं का? मनापासून सांगतो, सीझन संपेपर्यंत नको. एक्सपोर्टचं एन्कोडिंग करणारा भाग कार्डात वेगळाच असतो, मेमरी वाढवून त्याला फारसं काही मिळत नाही. मिळालंच तर तासाच्या कामात दोन-चार मिनिटं वाचतील, आणि ८० टक्क्यांवर बंद पडलं तर अख्खा तास गेला आणि नवरीकडची माणसं दारात. नंतर निवांत वेळ असेल तेव्हा आधी फक्त कोअर वाढवा, मेमरीला हात न लावता. मेमरी वाढवायचीच तर +२०० ने, दोन्ही मॉनिटर लावून, खऱ्या लग्नाच्या फाइलचं तासभराचं एक्सपोर्ट करून, आणि ते बघून मगच पुढचे +२००.

प्रश्न : दादा मी खानापूरला राहतो, बेळगावात इंजिनीअरिंगला आहे. सेकंडहँड आरएक्स ५८० आठ जीबी घेतलं. मी काहीच ओव्हरक्लॉक केलेलं नाही तरी दुसरा मॉनिटर लावला की हिरवे ठिपके येतात. सात दिवसांची परतीची मुदत आहे. काय करू?

उत्तर : अरे, तू केलं नसशील, आधीच्या मालकाने केलेलं असू शकतं. हे कार्ड २०१७ चं, मायनिंगमध्ये (क्रिप्टोची डिजिटल नाणी मिळवायच्या धंद्यात) लई वापरलं गेलं, आणि मायनिंगवाले आफ्टरबर्नरमध्ये नाही तर कार्डाच्या बायोसमध्येच (कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्राम) मेमरीचं टायमिंग बदलायचे. ते विंडोज नवीन टाकून जात नाही, ड्रायव्हर बदलून जात नाही. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघ, मेमरीचा मूळ आकडा २००० च्या जवळ असतो, २१००-२२०० दिसला तर शंका घे. पण आकडा बरोबर असूनही आतलं टायमिंग बदललेलं असू शकतं हे लक्षात ठेव. तिथंच शेडर (कार्डातले हिशेब करणारे छोटे छोटे भाग) पण मोज, खऱ्या ५८० ला २३०४ असतात, २०४८ दिसले तर ते हलकं व्हेरियंट आहे आणि तुला पूर्ण ५८० च्या भावात विकलंय.

काही कार्डांवर कडेला बायोसचा बारीक स्विच असतो, मशीन बंद करून तो दुसऱ्या बाजूला करून बघ, कधी कधी तिकडे मूळ बायोस तसाच असतो. नसेल तर नवीन बायोस टाकायच्या नादाला लागू नकोस, मॉडेल जरा चुकलं की कार्ड चालू पण होणार नाही आणि मग तो परत घेणार नाही. ठिपक्यांचा व्हिडिओ काढ, स्क्रीनशॉट काढ, मुदतीच्या आत परत करून टाक. पावसाळ्यात खानापूरला किती ओल असते मला माहीत आहे, म्हणून विकणारा दमटपणाचं कारण सांगेल, ऐकू नकोस, दमटपणा दुसरा मॉनिटर लावायची वाट बघत बसत नाही.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं जॉबवर्कचं युनिट आहे, ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड वापरतो. एकाच कार्डावर तीन मॉनिटर चालतील का, आणि त्यासाठी ओव्हरक्लॉक लागेल का?

उत्तर : लागणार नाही साहेब. आजकालची बहुतेक जीफोर्स कार्डं एकावेळी चार मॉनिटर चालवतात, तीन स्क्रीनवर रेषा दाखवणं हे त्यांना कामच नाही. टूडी ड्रॉइंग उघडायला वेळ लागतोय तो प्रोसेसरमुळे, ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. तिसरा मॉनिटर जुना व्हीजीएवाला असेल तर मात्र साधा पाच-पन्नास रुपयांचा कनेक्टर चालणार नाही, नव्या कार्डांतून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, आत चिप असलेला अॅक्टिव्ह अॅडाप्टर मागून घ्या. आणि सीएनसीच्या लाईनवर कॉम्प्युटरचा प्लग लावू नका, स्वतंत्र लाईन ओढून घ्या.